चाकांवरचा हॅम

हॅम रेडिओचा छंद मला निवृत्तीनंतर लागला. परीक्षा दिली, परवाना आला, 'व्हीयू३'ने सुरू होणारं कॉलसाइन मिळालं. पहिला नंबर आल्यासारखा आनंद झाला होता! घरून बोलण्यात मजा आहेच, पण गाडीत सेट बसवला आणि डोकेदुखी सुरू झाली.

आमचा कारभार १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला. या लहरींची लांबी साधारण दोन मीटर. त्या बहुतेक सरळच जातात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून उंचावरचा रिपीटर आपला आवाज घेऊन पुढे पाठवतो. खंबाटकी घाटात शिरलं की तो डोंगराआड जातो. शिवाय इकडून तिकडून आपटून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि दर मीटरभर अंतरावर आवाज कमीजास्त होतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. (मास्तरकीची सवय, दुसरं काय!) म्हणजे सेकंदाला वीसेक वेळा आवाज थरथरणार. त्यात अल्टरनेटरची शिट्टी, इंजिनाबरोबर चढत जाणारी.

असो. हे सगळं सोसता येतं. पण सकाळच्या आमच्या गप्पांतले बहुतेक जण सत्तरीपुढचे. गेलेल्या हॅमला आम्ही 'सायलेंट की' म्हणतो, आणि अलीकडे तो शब्द वरचेवर कानावर येतो. अशात कोणी "काल डॉक्टर म्हणाले की..." एवढं बोलतो आणि पुढचं खरखरीत बुडतं, तेव्हा जीव कासावीस होतो. हात आपसूक नॉबकडे वळतो. डिस्प्लेकडे दोन सेकंद पाहिलं की गाडी ४४ मीटर न बघता पुढे गेलेली असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर हातात धरायचं संपर्कयंत्र वापरत गाडी हाकणं कायद्याने धोकादायक ठरलं आहे. हातातला माइकही मी त्यातच धरतो.

मुलगा म्हणतो, "बाबा, तो सेट काढून टाका." सेट मी काढणार नाही. मात्र गाडी चालू असताना फक्त ऐकायचं. वाक्य बुडालं तर डोंगर ओलांडून एखाद्या ढाब्याच्या मोकळ्या आवारात गाडी लावायची आणि विचारायचं, "पुन्हा सांगा, ओव्हर." पोचायला अर्धा तास उशीर झाला तर झाला. मित्राचं वाक्य अर्ध्यावर सोडून पुढे जाणं आता या वयात परवडत नाही.

सर्वांना ७३! हॅम लोकांच्या भाषेत, मनापासून शुभेच्छा.