विषयाच्या रकान्यात काय लिहावे?

आपल्या निवासी विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संस्थेच्या चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा आम्ही विद्यापीठाचा एक अर्ज भरीत बसलो होतो. अर्ज पीएच.डी.च्या प्रवेशाचा होता. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी हा उद्योग पाहून एक सहकारी म्हणाले, "सर, चार वर्षांत सेवानिवृत्ती. मग ही पदवी दाखविणार कुणाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या विद्यालयाच्या जुन्या कोठीत आहे, म्हणून ते याच स्मरणिकेत द्यावेसे वाटले.

सहा वर्षांपूर्वी ती कोठी पाडावयाचे ठरले. सामान बाहेर काढताना एका पत्र्याच्या पेटीत भोजनालयाच्या अकरा नोंदवह्या सापडल्या. ज्वारी किती निघाली, तुरीची डाळ किती, मीठ, मिरची, सरपण, रॉकेल, आणि त्या दिवशी पंगतीला मुले किती, असा रोजचा हिशेब त्यांत आहे. समासात कोठी सांभाळणाऱ्या बाबांच्या बारीक अक्षरातील शेरे आहेत. १९८३ सालच्या वहीत एके ठिकाणी लिहिले आहे, "२३ मुले सोंगणीला गावी गेली." पुढे तीन आठवड्यांनी दुसरी नोंद येते, "१७ परत आली." शिक्षकांच्या हजेरीपटात या मुलांपुढे नुसती गैरहजेरीची खूण आहे. ती कुठे गेली, का गेली, हे भोजनालयाच्या वहीनेच जपून ठेवले.

त्या तेवीस मुलांत आम्ही होतो. परत आलेल्या सतरांतही होतो. आमच्या शेजारी पंगतीला बसणारा एक मुलगा उरलेल्या सहांत होता. त्याचे अक्षर आमच्यापेक्षा चांगले होते, गणित तर फारच चांगले होते. या सहा मुलांचे पुढे काय झाले, हे कोणत्याही वहीत नाही.

वसतिगृहांचा इतिहास आपल्या समाजाला अपरिचित नाही. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांची परंपरा सुरू केली आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेतर्फे सोलापूरला वसतिगृह उघडले. १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले गेले. बुलढाण्याच्या खेड्यापाड्यांतील कितीतरी मुले तेथे शिकली, आम्हीही त्यांपैकीच. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, तेव्हा आम्ही तेथे एम.ए. इतिहासाच्या शेवटच्या वर्षात होतो. संस्थापकांची चरित्रे लिहिली गेली, वर्धापनदिन साजरे झाले. पंगतीला कोण बसले आणि कोण उठून गेले, याचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेला नाही. तो लिहावा, एवढीच आमची इच्छा होती.

ही इच्छा घेऊन आम्ही एका विद्यापीठात गेलो. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. इतिहासाच्या दालनात सांगण्यात आले, "डाळ-मिठाच्या वह्या हा इतिहास कसा? हा शिक्षणशास्त्राचा विषय." शिक्षणशास्त्राच्या दालनात पहिलाच प्रश्न आला, "एम.एड. आहे का?" ते नव्हते. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी वह्या आस्थेने चाळल्या, पण पदव्युत्तर पदवी त्या विषयाची नसल्याने त्यांचाही नाइलाज होता. अर्जात विषयाचा रकाना एकच होता. आमच्या हातातल्या वह्या मात्र तीन दालनांत वाटल्या गेल्या होत्या.

तेव्हा कुणीतरी 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द सुचविला. आम्हांला वाटले, वाट सापडली. येथे आमची जी फसगत झाली ती इतरांची होऊ नये, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठांत चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. या चौथ्या विद्याशाखेत शिक्षणशास्त्र, समाजकार्य, पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र, शारीरिक शिक्षण असे विषय येतात. म्हणजे तीही विशिष्ट विषयांचीच विद्याशाखा आहे. कोणत्याही दोन विषयांची सांगड घालून तेथे जाता येईल, असे नाही. खरी तरतूद दुसरीकडे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत असे आहे की, संशोधन आंतरविद्याशाखीय असेल तर विभागाबाहेरचा, प्रसंगी विद्यापीठाबाहेरचाही सहमार्गदर्शक घेता येतो. नोंदणी एका विषयात, मार्गदर्शन दोन विषयांचे. हे कळावयास आम्हांला एक वर्ष लागले.

पहिल्या वर्षी प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालो. या परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीचे असतात आणि निम्मे विषयाचे. पुढे निवड करताना परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांश असतो. मुलाखतीत आम्ही 'वऱ्हाडातील मागासवर्गीय वसतिगृहांचा समग्र आंतरविद्याशाखीय अभ्यास' असे शीर्षक मांडले. त्यात इतिहास होता, समाजशास्त्र होते, आहारशास्त्र होते, धम्मही होता. समितीतील एका सदस्यांनी शांतपणे विचारले, "या वहीतला ज्वारीचा आकडा तुम्ही कोणत्या पद्धतीने वाचणार? दर डोई काढणार, हंगामानुसार मांडणार, की बाजारभावाशी ताडून पाहणार?" आम्हांला उत्तर देता आले नाही. यादीत नाव आले नाही.

त्या दिवशी मनात राग होता. आपल्या माणसांचा विषय म्हणून डावलले, असेही वाटून गेले. असे होतच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या दिवशीचा तो प्रश्न योग्य होता आणि आमची तयारी अपुरी होती, हे कबूल केले पाहिजे.

त्याच मुलाखतीच्या बाकावर आपल्या विद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी भेटली. "जय भीम, सर. तुम्ही परीक्षक म्हणून आलात का?" असे तिने विचारले. आम्हीही उमेदवार आहोत, हे सांगताना क्षणभर संकोच वाटला. ती पर्यावरणशास्त्राची पदव्युत्तर पदवीधर. तिचा विषय लोणारचे सरोवर. जून २०२० मध्ये त्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला. पाण्यातील क्षार मोजणे हे तिचे शास्त्र. पण भोवतालच्या शेतीचा आणि झऱ्यांचा त्या पाण्याशी काय संबंध, आणि काठच्या गावांतील बायाबापड्यांना त्याविषयी काय ठाऊक आहे, हेही तिला हवे होते.

परतीच्या एस.टी.त तिने आमचा आराखडा वाचला. मेहकर येईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, रागावू नका. सहावीत तुम्ही आम्हांला शिकवलं होतं, उत्तर लिहिण्याआधी प्रश्नाखाली रेघ मारा. यात रेघ कुठे मारू?"

आम्ही रागावलो नाही. घरी येऊन १९८३ ची वही पुन्हा उघडली. रेघ मारावयाची जागा तेथेच होती: तेविसांतले सतरा परत का आले आणि सहा का आले नाहीत? ज्या वर्षी कोठीत धान्य कमी होते, त्या वर्षी परत न येणारे वाढतात का? शिवारातील मजुरी वाढली की काय होते? कापसाच्या वेचणीला गेलेली मुले आणि ज्वारीच्या सोंगणीला गेलेली मुले यांत फरक पडतो का? हे प्रश्न इतिहासाचे आहेत, कारण वह्या त्या काळाच्या साक्षीदार आहेत. आकडे मांडावयाला मात्र अर्थशास्त्र शिकावे लागेल, आणि जे परत आले नाहीत त्यांना शोधून त्यांचे ऐकावयाला मुलाखतीची शिस्त लागेल.

या निमित्ताने बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन आम्ही नव्याने वाचले. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे अनेक विषय त्यांनी घेतले. भारतातील जातींवरील त्यांचा प्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी वाचला गेला, तो प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. पण त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध पाहावा, तर तो ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर आहे. तो सार्वजनिक वित्ताच्या कसोटीवरच उभा आहे. वाचन अनेक विषयांचे असले, तरी पुराव्याची जबाबदारी त्यांनी एका शास्त्राच्या नियमांनी घेतली. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळविली. कोलंबियाची पीएच.डी. त्यांना १९२७ साली मिळाली, म्हणजे तेथे पहिले पाऊल ठेवल्यानंतर चौदा वर्षांनी. उशीर झाला म्हणून आम्ही खंत करीत होतो, ती हे वाचून पुष्कळ कमी झाली.

दुसरे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. पाली भाषेचे आणि बौद्ध साहित्याचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे हे चिरंजीव पेशाने गणिती. प्राचीन आहत नाण्यांचा काळ ठरविण्यासाठी त्यांनी ती नाणी वजन केली आणि वापराने झालेली झीज सांख्यिकीने मोजली. नाण्यांवरील चिन्हे वाचणारे पुष्कळ होते. गणित पक्के असलेल्या माणसाने त्यांची झीज वाचली. आंतरविद्याशाखीय म्हणजे दोन्ही विषय अर्धे-अर्धे येणे, असा आमचा जो समज होता तो या दोन उदाहरणांनी दूर झाला. एक विषय पूर्ण आला पाहिजे आणि दुसऱ्या विषयाच्या जाणकारासमोर नम्रपणे विद्यार्थी होऊन बसता आले पाहिजे.

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलामुलींसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी नोंदवितो. पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती व इतर पात्र प्रवर्गांना पाच टक्के सवलत आहे. आमचे ५३ टक्के होते, म्हणून आम्ही या दारात उभे राहू शकलो. मुदत किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे असते. नोकरीत असणाऱ्यांना अंशकालीन नोंदणी करता येते, परंतु नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. जातीचे प्रमाणपत्र आधीच तपासून ठेवावे. बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रात १९९० च्या दुरुस्तीने मान्य झाला, त्यासाठी आपल्या माणसांना किती वर्षे झगडावे लागले, हे विसरू नये. आणि अर्जाला केंद्राचा नमुना हवा की राज्याचा, हे विचारल्याशिवाय कागद जोडू नये. पुण्याची बार्टी संस्था अनुसूचित जातीच्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देते, तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मार्गदर्शकाकडे जाण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा, आणि तो सहावीतल्या मुलाला वाचून दाखवावा. त्याला कळला, तर तो तयार झाला असे समजावे.

गेल्या महिन्यात यंदाची यादी लागली. त्या विद्यार्थिनीचे नाव निवड यादीत आहे. आमचे प्रतीक्षा यादीत तिसरे आहे. विषयाच्या रकान्यात या वेळी आम्ही 'इतिहास' असे लिहिले, आणि सहमार्गदर्शक म्हणून वह्या आस्थेने चाळणाऱ्या त्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी संमती दिली. प्रवेश मिळेल वा न मिळेल, पण वह्यांतील नोंदी आम्ही तक्त्यात उतरवावयास घेतल्या आहेत. अकरांपैकी चार पूर्ण झाल्या.

सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ही पदवी कुणाला दाखविण्यासाठी नाही. पंगतीत आमच्या शेजारी बसणाऱ्या त्या मुलाचा शोध आम्ही घेतला. तो मलकापूरकडे एका जिनिंगमध्ये हमाली करीत असे, एवढेच कळले. तो भेटला तर त्याला काय विचारावे, हे आता आम्हांला ठाऊक आहे.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल, त्या सर्व माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. विद्यालयात राहून गेलेल्या, पण शिक्षण पुरे न करू शकलेल्या कुणाचा ठावठिकाणा माहीत असेल, तर विद्यालयाच्या कार्यालयात कळवावा. घरात जुनी पत्रे, पावत्या, प्रगतिपुस्तके असतील, तर ती रद्दीत घालू नयेत. त्या सहा मुलांना सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण गेलेले नाही, कारण त्यांचे पत्ते आपल्याजवळ नाहीत. ते मिळविणे आपल्या सर्वांचे काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!