गंमत कोणी ठरवायची?

निवृत्तीचा कार्यक्रम. शाल, श्रीफळ, गुच्छ, कागदी डिशमध्ये समोसा आणि वेफर्स. सूत्रसंचालक म्हणतात, "सर शाळेतून सुटले, पण आता खऱ्या मुख्याध्यापकांच्या हाताखाली जाणार!" सगळं सभागृह हसतं. सरांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसलेल्या असतात. मांडीवर नारळ, नारळाखाली घडी घातलेली शाल. त्याही हसतात आणि पदर सारखा करतात. पदर सारखाच होता.

एकतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी जवळपास प्रत्येक सरांच्या निरोपाला ऐकलं. बाईंच्या निरोपाला एकदाही ऐकलं नाही. बाईंना सांगतात, "आता घराकडे नीट लक्ष देता येईल." म्हणजे घरात हुकूम कोणाचा आणि काम कोणाचं, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं.

*

खटकलं असं म्हटलं की मिळणारी उत्तरं मी एकदा वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवली:

"गंमत केली हो मॅडम."
"तुम्हाला विनोदच कळत नाही."
"बाकीच्या बायका हसल्या की."
"माझ्या घरी येऊन बघा, मी किती मान देतो."
"तुम्ही स्त्रीमुक्तीवाल्या…" (हे वाक्य कधीच पूर्ण होत नाही. तेवढंच पुरतं.)
"हल्ली काही बोलायचीच चोरी झाली आहे."

पुन्हा पुन्हा वाचल्यावर ध्यानात आलं की यातलं एकही उत्तर विनोदाबद्दल नाही. सगळी माझ्याबद्दल आहेत किंवा सांगणाऱ्याच्या चांगुलपणाबद्दल. ज्यावर बोलायचं होतं ते केव्हाच टेबलावरून उचललं गेलेलं असतं.

*

'आवाज'चा दिवाळी अंक. मधुकर पाटकरांनी तो १९५१ साली सुरू केला आणि त्याच्या खिडकीचित्रांनी कितीतरी घरांतली दिवाळी गाजवली. पानाला कापलेली छोटी खिडकी असे. बाहेरून चित्र चावट दिसायचं. खिडकी उघडली की आत भलतंच काहीतरी साधंसुधं निघायचं. कल्पना हुशारीची होती, हे मी आजही मान्य करते.

आमच्याकडे तो अंक काका आणि त्यांचे मित्र ओसरीवर बसून बघत. मी दहा वर्षांची होते. पाण्याचे पेले घेऊन गेले की अंक पालथा व्हायचा. एका दुपारी सगळे झोपले असताना मी एकेक खिडकी उघडून पाहिली. बहुतेक चित्रांत बाईच होती, आणि आत काही नव्हतंच. पाप बघणाऱ्याच्या मनात, असं ते चित्र जणू म्हणत होतं.

पुढे नोकरीत तेच ऐकलं. द्व्यर्थी बोलायचं, आणि कोणी हरकत घेतली की खिडकी उघडून दाखवायची: "मी तर साधं बोललो, तुमच्याच डोक्यात भलतं आलं."

*

ही थट्टा आजची नाही. पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ साली सुरू झाली. १८८६ साली नारायण बापूजी कानिटकरांची 'तरुणी शिक्षण नाटिका' आली. शिकलेल्या मुली पुढे कशा बिघडतील, याची त्यात खिल्ली होती. मधे जेमतेम दोन वर्षं. शिकून काही करून दाखवायलाही तिथल्या मुलींना वेळ मिळाला नव्हता, हसणारे मात्र आधीच जागा धरून बसले होते.

त्याच्या आधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि त्यावरून साऱ्या स्त्रीजातीला नावं ठेवणं सुरू झालं, तेव्हा बाई पेटून उठल्या. ते पुस्तक वाचताना मला सर्वांत जाणवतो तो त्यातला उपरोध: झणझणीत, नेम धरून मारलेला. बाईला विनोद कळत नाही म्हणणाऱ्यांनी ते एकदा वाचावं. तेव्हाच्या पुरुषांना तो उपरोध सोसला नाही. ताराबाईंवर टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. पहिलंही पुन्हा लोकांसमोर यायला १९७५ उजाडलं.

बायकांनी पुरुषांचे विनोद खेळीमेळीने घ्यायचे. उलट दिशेने आलेला विनोद मात्र उद्धटपणा ठरतो.

*

"बाकीच्या बायका हसल्या की." हो, हसल्या. मीसुद्धा हसले आहे.

नोकरीचं पहिलं वर्ष, अजून कायम झाले नव्हते. स्टाफरूममध्ये चहा आला होता. एका वरिष्ठ सरांनी माझ्या साडीवरून काहीतरी म्हटलं. सात जण हसले. मी कपाकडे बघत हसले. चहावर साय धरली होती, ती बोटाने बाजूला करत राहिले. त्या हसण्यात मजा नव्हती, हिशोब होता: न हसल्यास काय होईल याचा. रजेचा अर्ज, वेळापत्रक, गोपनीय अहवाल हे सगळं त्याच सरांच्या टेबलावरून जायचं. त्या हसण्याला कोणी माझी संमती म्हणू नये.

*

२०१३ च्या कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी केलेली लैंगिक अर्थाची शेरेबाजी हाही छळच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातही हे होतं. दहा किंवा अधिक माणसं जिथे काम करतात तिथे तक्रार समिती असायलाच हवी. आमच्याकडे समितीचा फलक जिन्याखाली लावलेला आहे, पाण्याच्या फिल्टरशेजारी. माझ्या साडीवरचं सरांचं ते वाक्य त्या व्याख्येत बसलं असतं. निरोप समारंभातलं बसत नाही, आणि बसवावं असंही मला वाटत नाही. प्रत्येक खटकणाऱ्या गोष्टीसाठी कलम नसतं. तिथे समोरच्याची समज लागते.

*

अमेरिकेतल्या थॉमस फोर्ड या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पुरुषांच्या मनात बायकांबद्दल आधीच आकस होता, त्यांनी बायकांना हिणवणारे विनोद वाचल्यावर स्त्रियांच्या संस्थेला पैसे द्यायला हात आखडता घेतला. साध्या विनोदांनी तसं झालं नाही. विनोदाने आकस जन्मत नाही, पण असलेल्या आकसाला इथे बसायला हरकत नाही असं सांगितलं जातं. स्टाफरूममध्ये हे मी पाहिलं आहे. पहिला विनोद झाला की दुसरा नेहमी एक पायरी खाली उतरलेला असतो.

*

भोंडला आठवा. सासू, सासरा, दीर, नणंद, कोणी सुटत नाही. एका गाण्यात तर नवराच वेडा. मंगळागौरीला सगळं सासर नाचवलं जायचं. पुढे मंगला गोडबोले, पद्मजा फाटक यांनी लिहून हसवलं. बायकांकडे विनोदाची कमतरता कधीच नव्हती. फरक इतकाच की भोंडल्या-मंगळागौरीतल्या मुली हसत होत्या त्या ज्यांच्या हातात त्यांचं जेवणखाण आणि माहेरी जाणं होतं त्यांच्यावर, आणि तेही वर्षातले मोजके दिवस, पुरुष आसपास नसताना.

*

पुरुषाला मिळालेली सवलत म्हणजे काय, असं नववीतल्या एका मुलीने विचारलं होतं. मी म्हटलं: चिमटा काढणाऱ्यानेच 'दुखलं नाही' असं सांगायचं आणि सगळ्यांनी ते मान्य करायचं, ही सवलत. ती अंगात इतकी मुरलेली असते की ज्याच्याकडे आहे त्याला ती दिसत नाही. ती म्हणाली, "माझा भाऊ असाच करतो." आणखी समजावून सांगावं लागलं नाही.

*

स्नेहसंमेलनाची तालीम. सातवीतला मुलगा ओढणी घेऊन बायको झालेला, हातात लाटणं, नवऱ्याच्या मागे धावतोय. "हे हमखास चालतं, मॅडम." मी विचारलं, "तुझी आई लाटण्याने काय करते रे?" तो थांबला. "पोळ्या. डबे असतात आमचे. सकाळी साठ-सत्तर होतात." मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभा राहिला. प्रवेश तसाच झाला, टाळ्याही पडल्या. त्याची आई पाचव्या रांगेत होती, आणि धावताना तो तिकडे बघत नव्हता.

*

हसू नका, असं मला म्हणायचं नाही. विनोद करणाऱ्याला फासावर द्या, असंही नाही. कोणी 'खटकलं' म्हणालं, तर तिथे क्षणभर थांबा, एवढंच मागते.

गेल्या महिन्यात नव्याने लागलेल्या एका शिक्षकाने असंच काही म्हटलं आणि मी नेहमीप्रमाणे "हे मला आवडलं नाही" म्हणाले. वहीतल्या सहा उत्तरांपैकी कुठलं येतं, याची वाट बघत राहिले. तो म्हणाला, "मॅडम, नक्की काय खटकलं?"

मला बोलताच येईना. एकतीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर मी कधी तयार केलं नव्हतं. मी तयारी केली होती ती फक्त बचावाची. तेवढ्यात तासाची घंटा झाली. तो म्हणाला, "मधल्या सुट्टीत सांगा."

मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला.