वीस सेकंदांबद्दल क्षमा असावी

परदेशी जाऊन राहिलेल्या माणसाला त्या देशाची खरी ओळख कोठे होते, असा प्रश्न आपण मला केलात, तर मी देवालयांचे किंवा वस्तुसंग्रहालयांचे नाव घेणार नाही. ती ओळख होते संध्याकाळच्या बातम्यांत. कशाला बातमी म्हणावे, याविषयी प्रत्येक देशाची आपली अशी एक समजूत असते. आणि जपानची समजूत इतकी निराळी आहे, की नवख्या माणसाने पहिले वर्षभर तरी हसू आवरण्याचा सराव करावा. टोकियोच्या पूर्वेस निशी-कासाई नावाची वस्ती आहे. तेथे भारतीय कुटुंबे इतकी आहेत, की वाण्याकडे तूरडाळ आणि हिंग सहज मिळतो. त्या वस्तीतल्या एका लहानशा घरात बसून मी कित्येक वर्षे या बातम्या पाहत आलो आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी वाचकांना परक्या भाषेतून जग समजून घेण्याची मौज ठाऊकच आहे. मी तेच जरा दूरच्या गावी करीत आहे, इतकेच.

१४ नोव्हेंबर २०१७ ची गोष्ट घ्या. टोकियोतील आकिहाबारा आणि त्सुकुबा ही विद्यानगरी यांना जोडणारा एक लोहमार्ग आहे. त्या मार्गावरील मिनामी-नागारेयामा स्थानकातून सकाळी ९ वाजून ४४ मिनिटे ४० सेकंदांनी सुटावयाची गाडी ९ वाजून ४४ मिनिटे २० सेकंदांनी सुटली. उशिरा नव्हे, वीस सेकंद आधी! कोणाही उतारूने तक्रार केली नव्हती. पाठची गाडी चारच मिनिटांत यावयाची होती. तरीही कंपनीने जाहीर निवेदन काढून प्रवाशांची क्षमा मागितली, आणि ती क्षमायाचना जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आली. हे वाचून आपल्या मनात काय आले असेल, ते मी जाणतो. फलाटावर ट्रंकेवर बसून काढलेल्या रात्री आपल्याला आठवल्या असतील. पण खरी गंमत पुढेच आहे. या बातमीचे जगाला जितके नवल वाटले, तितके जपान्यांना वाटले नाही. 'गाडी वेळेआधी सोडली, तर क्षमा मागावयास नको का?' असे आमच्या शेजारच्या आजींनी मला सरळ विचारले. त्यावर देण्यासारखे उत्तर मजपाशी नव्हते.

क्षमायाचना हा जपानी बातम्यांतला एक स्वतंत्र विधीच होय. एखाद्या कारखान्याच्या मालात दोष निघाला, किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या हिशेबाची वही जुळेना, की लांब मेजामागे काळ्या पोशाखातील तीनचार गृहस्थ ओळीने उभे राहतात, एकाच क्षणी कमरेत वाकतात आणि छायाचित्रकारांचे दिवे लखलखू लागतात. अभिवादनाच्या शिकवणीत १५, ३० आणि ४५ अंशांत वाकण्याचे प्रकार सांगितलेले आहेत. क्षमेसाठी अर्थातच शेवटचा. माझे मत विचाराल, तर यांतील काही नमस्कार मनापासून असतात आणि काही नुसते कमरेपासून. पण अमुक नमस्कार कोणत्या जातीचा, हे ओळखण्यात जपानी प्रेक्षक मोठे वाकबगार असतात. २०१६ साली 'गारी-गारी-कुन' नावाच्या बर्फाच्या कांडीची किंमत पंचवीस वर्षांनी प्रथमच वाढली. ६० येनांची कांडी ७० येनांना झाली. तेव्हा कंपनीने दूरदर्शनवर जाहिरात दिली, तीत कंपनीची मंडळी कारखान्यासमोर रांगेने उभी राहून निमूटपणे वाकताना दिसत. दहा येनांसाठी एवढा सोहळा! पुढे भाववाढीचे दिवस आले आणि सर्वच वस्तू महागल्या, पण त्या कांडीइतक्या सभ्यपणे कोणतीही महागली नाही.

जपान म्हणजे यंत्रमानवांचा देश, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी २०२४ सालची एक बातमी ऐकावी. सरकारी कामांत फ्लॉपी चकत्या वापरण्याची सक्ती करणारे हजारावर नियम त्या वर्षापर्यंत रद्द झाले, आणि त्या खात्याचे तेव्हाचे मंत्री तारो कोनो यांनी फ्लॉपीविरुद्धचे युद्ध आपण जिंकल्याचे जाहीर केले.

मांजराची हकीकत मात्र थोडी सावकाश सांगितली पाहिजे. वाकायामा प्रांतात किशी नावाचे छोटे स्थानक आहे. त्या मार्गावर उतारू कमी, खर्च अधिक. मार्ग बंदच व्हावयाचा, पण २००६ साली एका नव्या कंपनीने तो हाती घेतला. स्थानकावर माणूस ठेवणे परवडत नव्हते. तेथे तामा नावाची एक तिरंगी मांजरी होती. जानेवारी २००७ मध्ये कंपनीने तिला रीतसर स्टेशनमास्तर नेमले, तिच्या मापाची टोपी शिवून घेतली, आणि पगार म्हणून तिला खाणे देण्याचे ठरविले. तिला पाहावयास लोक दुरून येऊ लागले आणि तो मार्ग तगला. जून २०१५ मध्ये ती वारली, तेव्हा शिंतो विधीने तिचे अंत्यसंस्कार झाले. हजारो लोक आले, आणि स्थानकाशेजारी तिचे लहानसे देऊळ झाले. तिची जागा नितामा नावाच्या दुसऱ्या मांजरीने घेतली. या बातमीला हसावे की हात जोडावेत, हे मला अजून ठरविता आलेले नाही. एक मात्र खरे, की हुद्दा दिला तो थट्टेने दिला नाही. बढती, कर्तव्य, उत्तराधिकारी, सारे काही कचेरीच्या नियमाने झाले.

आता रविवारच्या संध्याकाळी साडेसहाला आमच्या घरी या. त्या वेळी जपानी घरांत 'सझाए-सान' नावाची व्यंगचित्रांची मालिका लागते. ५ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झालेली ही मालिका अद्याप चालू आहे. इतकी दीर्घायुषी चित्रमालिका जगात दुसरी नाही. माचिको हासेगावा या चित्रकर्तीने १९४६ साली, महायुद्धाच्या राखेत, फुकुओकाच्या एका दैनिकासाठी या कुटुंबाची चित्रे काढावयास आरंभ केला. घरातील बहुतेकांची नावे समुद्रातून आलेली आहेत: सझाए म्हणजे एक जातीचा शंख, तिचा भाऊ कात्सुओ म्हणजे एक मासा, बहीण वाकामे म्हणजे समुद्रातले शेवाळ, आणि आई फुने म्हणजे चक्क होडी. आजीआजोबा, मुलगी, जावई, नातू असे तीन पिढ्यांचे हे कुटुंब एका छपराखाली नांदते. जावई मासुओ हा आडनाव स्वतःचे ठेवून सासऱ्याच्या घरी राहतो, आणि घरजावयाच्या वाट्याला यावयाचे सर्व प्रसंग हसतमुखाने सोसतो. मराठी प्रेक्षकाला या घरात परके वाटण्याचे कारणच नाही.

पण गोम अशी, की त्या घरात कोणी मोठे होत नाही. कात्सुओ पन्नासहून अधिक वर्षे पाचवीतच आहे. बाहेरच्या जपानात मात्र मुलांची संख्या घटत गेली, तीन पिढ्यांची घरे विरळ झाली, आणि आमच्या इमारतीत एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचीच दारे अधिक आहेत. शेजारच्या आजी ही मालिका न चुकता पाहतात. त्यांचा मुलगा ओसाकास असतो. मालिका संपली की उद्या सोमवार, पुन्हा कचेरी, या विचाराने जी उदासी येते, तिला जपानी लोकांनी 'सझाए-सान विकार' असे नाव देऊन ठेवले आहे. दुखण्यालाही सभ्य नाव!

आपल्याकडील चित्रपटांचे येथे काय होते, तेही सांगतो. १९९८ साली रजनीकांत यांचा 'मुथू' येथे लागला आणि टोकियोकर नाचू लागले. २०२२ साली 'आरआरआर' आला, त्याने मुथूचा विक्रम मोडला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये ताकाराझुका या नाटकमंडळीने तो रंगभूमीवर आणला. या मंडळीत सर्व नट स्त्रियाच असतात आणि पुरुषांच्या भूमिकाही त्याच करतात. १९१४ पासून हा परिपाठ आहे. तेव्हा भीमही बाई आणि रामही बाई! ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांचा शालू डोळे भरून पाहिला, त्याने तरी याला हसू नये.

वर्षअखेर जवळ आली, की १२ डिसेंबरच्या सुमारास क्योतोच्या कियोमिझु मंदिरात मुख्य पुजारी हातभर कुंचला घेऊन त्या वर्षाचे एक अक्षर लिहितात. लोकांच्या मतांनी ते निवडले जाते. १९९५ साली, कोबेच्या भूकंपानंतर, पहिले अक्षर निघाले ते 'कंप' या अर्थाचे. २०११ साली 'बंध', २०२३ साली 'कर'. २०२४ साली सोन्याचे अक्षर निघाले. त्याचाच दुसरा अर्थ पैसा. ऑलिंपिकमधील सुवर्णपदके आणि पुढाऱ्यांचा गुप्त निधी, दोन्ही एकाच कुंचल्याने आटोपली. मग ३१ डिसेंबरला एनएचकेवर लाल आणि पांढऱ्या पक्षांची गीतस्पर्धा. स्त्रिया लाल, पुरुष पांढरे. १९५१ साली आकाशवाणीवर सुरू झालेली ही स्पर्धा पावणेबाराला संपते आणि पडद्यावर मंदिरांच्या घंटा वाजू लागतात. कोण जिंकले, हे दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. पण लावली नाही, असे फारसे कोणी म्हणत नाही.

अशी ती स्पर्धा पाहून २०२४ साल सुरू झाले. १ जानेवारीस दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. टोकियोत दिवा नुसता झुलला. दूरदर्शन लावले, आणि मी जो आवाज ऐकला तो त्या वाहिनीवर पूर्वी कधी ऐकला नव्हता. निवेदिका ओरडत होती. 'आताच्या आता पळा! थांबू नका! मागे फिरू नका!' ज्या भाषेत दार बंद करावयास सांगतानाही तीन आदरार्थी प्रत्यय लागतात, त्या भाषेतील सगळे प्रत्यय गळून पडले होते. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'त्सुनामी! पळा!' असे, लहान मुलाला आणि माझ्यासारख्या परक्यालाही वाचता यावे अशा सोप्या लिपीत लिहिले होते.

हा आवाज अकस्मात आलेला नव्हता. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपाच्या वेळी निवेदकांचा स्वर शांत आणि संयमी होता. लोकांत घबराट पसरू नये, अशी तेव्हाची शिकवण होती. पहिल्या इशाऱ्यात लाटांची उंची कोठे तीन, कोठे सहा मीटर सांगितली गेली. प्रत्यक्षात त्या कितीतरी उंच आल्या. मृत आणि बेपत्ता मिळून अठरा हजारांवर माणसे गेली. त्यानंतर, त्या शांत स्वराने धोक्याची निकड पोहोचली काय, असा प्रश्न एनएचकेने स्वतःला विचारला आणि निवेदनाचे शब्द व आवाज दोन्ही बदलले. हवामान खात्याने २०१३ पासून असे ठरविले, की भूकंप फार मोठा असेल तर पहिल्या इशाऱ्यात मीटरचा आकडा न देता नुसता 'प्रचंड' हा शब्द वापरावा. वीस सेकंदांची नोंद ठेवणाऱ्या लोकांनी आपल्या सौजन्याचीही अशी तपासणी केली, आणि जेथे ते आड येत होते तेथे ते बाजूला ठेवले. नोतोत, पुढील हालअपेष्टांनी गेलेले धरून, पाचशेंहून अधिक लोकांचे प्राण गेले. त्या दुपारी शेजारच्या आजी आमच्या दारात येऊन उभ्या होत्या. बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, 'बाईंचा आवाज असाच हवा.'

त्याच वर्षी मार्चमध्ये टोकियोत चेरीचा बहर लांबला. बहर आला हे ठरविण्याची रीत अशी: यासुकुनी देवालयाच्या आवारात एक ठरलेले झाड आहे, हवामान खात्याचा अधिकारी त्याखाली उभा राहून फुले मोजतो, आणि निदान पाच फुले उमललेली दिसली तरच बहर जाहीर होतो. चार असतील, तर नाही. समोर कॅमेऱ्यांची झुंबड आणि कोटाची बटणे लावलेला तो गृहस्थ मान वर करून फांदी न्याहाळीत असतो, हा देखावा सर्व वाहिन्या दाखवितात. त्या वर्षी बातम्यांत नुसत्या कळ्याच दिसत राहिल्या. ती पाच फुले २९ मार्चला भरली.