पेटीतील कातडे

आमच्या निवासी शाळेत वंदनेनंतरच्या गीतांना पेटीची साथ असते. ऐकणाऱ्याचे लक्ष पट्ट्यांकडे, फार तर आतल्या पितळी सुरांकडे जाते. हवा रोखून धरण्याचे काम मात्र कातडे करते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. भात्याचे सांधे, आतल्या झडपा, पट्टीखालची झाकणे आणि सुरांची फळी जेथे टेकते ती कड, या साऱ्या ठिकाणी मऊ कातडे लागते.

हे वाद्य मूळचे युरोपातले. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी त्याला हार्मोनियम हे नाव दिले. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी घडविली. इंग्लंडमधील चार्ल्स व्हीट्स्टन यांच्या कॉन्सर्टिनातही सुरांची चौकट हवाबंद होते ती कातडी पट्टीनेच. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केले, तरी आंबेडकरी जलशांनी आणि भीमगीतांच्या गायकांनी तिला अंतर दिले नाही.

गतवर्षी शाळेची पेटी हवा धरीनाशी झाली. तालुक्याच्या गावातील एका वृद्ध कारागिरास आम्ही बोलाविले आणि आठवीच्या मुलामुलींना त्यांच्याभोवती बसविले. जुने कातडे खरवडून त्यांनी कड स्वच्छ केली. नव्या कातड्याची जाडी बोटांनी चाचपून सारखी पाहिली; कारण एके ठिकाणी ते जाड राहिले, तर शेजारी फट पडते. गुळगुळीत बाजूस सरस आणि लवदार बाजू बाहेर, म्हणजे लाकडाच्या बारीक खाचखळग्यांत ती लव दबून बसते. सरस बेतानेच लावावा. तो आत मुरला की कातडे ताठरते. कोपऱ्यात दोन्ही टोके रापीने तिरकी तासून एकावर एक बसविली. मग प्रत्येक मुलाने पाळीपाळीने एकेक पट्टी कापली.

हे कळताच एका पालकांनी आम्हांस विचारले, “सर, जे काम सोडायला आमच्या बापाची हयात गेली, तेच पोरांच्या हाती देता?”

हा प्रश्न आम्ही हलका मानीत नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा ते माणुसकीसाठी होते. त्या पिढीने जे झुगारले, त्याची किंमत तिने उपासमारीने आणि बहिष्काराने मोजली. परंतु त्यांनी झुगारली ती जन्माने लादलेली सक्ती आणि तिच्यासोबतची अवहेलना. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ ग्रंथात बाबासाहेबांचा आक्षेपही हाच आहे, की धंदा माणसाच्या आवडीने व कुवतीने ठरत नाही, तो जन्मापूर्वीच ठरलेला असतो. आमच्या वर्गात रापी साऱ्या जातींच्या मुलांच्या हाती आली, आणि ती नको म्हणण्याची मुभाही प्रत्येकास होती. दोघांनी नको म्हटले. त्यांना कोणी कारण विचारले नाही.

त्या पालकांचे पूर्ण समाधान झाले, असे आम्ही म्हणणार नाही. ते एवढेच म्हणाले, “शिकवताच आहात, तर यामागचं शास्त्रही शिकवा.” ते आम्हांस रास्त वाटले. त्यानंतर मुलांनी भाता भरून, एकही पट्टी न दाबता, हवा किती सेकंद टिकते याची नोंद ठेवली आणि हवेच्या दाबाचा धडा त्या नोंदींवरून शिकली. रापी, सरस आणि उरलेले कातडे आता विज्ञानाच्या प्रयोगशाळेतील कपाटात, तराजूशेजारी ठेवलेले आहे.