वाटाड्या

वाटाडे आणि मास्तर हे एकाच गोत्रातले, असे माझे जुने मत आहे. दोघांनाही तेच ते वर्षानुवर्षे सांगायचे असते आणि दर खेपेस ते नुकतेच आठवल्यासारखे सांगावे लागते. फरक इतकाच, की वर्गात घड्याळाकडे विद्यार्थी बघतात; सहलीत खुद्द वाटाड्याच बघतो.

आमचा वाटाड्या जीपचा चालकही होता. लातूरहून आम्ही नांदेडला सासुरवाडीत उतरलो होतो आणि तिथूनच त्याची गाडी ठरवली होती. माहूर नांदेडपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर. सागाचे जंगल लागले तशी त्याने दिवसाची पत्रिका मांडली : रेणुकामाता अर्धा तास, दत्तशिखर वीस मिनिटे, अनसूया पंधरा, जेवणानंतर किल्ला, मातृतीर्थ आणि पांडवलेणी. विद्यापीठाचे वेळापत्रकही इतके काटेकोर नसते!

त्याचे पाठांतर मात्र चोख होते. साडेतीन पीठांपैकी माहूर हे एक पूर्ण पीठ, गावाचे जुने नाव मातापूर, हे सारे त्याने एका दमात सांगितले. १६२३ साली बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत पळताना शहाजहानने आपले हत्ती इथल्या किल्ल्यात ठेवले होते. इथल्याच देशमुखीतली रायबागन १६६१ मध्ये उंबरखिंडीत मोगलांच्या बाजूने होती आणि कारतलबखानाला शिवरायांना शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच दिला. स्वल्पविरामसुद्धा ठरलेले.

ही पत्रिका पहिल्याच पायऱ्यांवर अडली. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची. नवी नवरी म्हणून ओटी भरायला ती इथे आली होती. आता दर दहा पायऱ्यांनी टेकत होती. "पुन्हा काही होत नाही बाबा माझं येणं," असे ती सहज म्हणाली. मी उगीचच चपलांचा विषय काढला. वाटाड्याने घड्याळ पाहिले.

"कामून घड्याळ बघायलास रे लेकरा? देवी कुठं पळून चालली का?" आई म्हणाली.

तो ओशाळला आणि भरपाई म्हणून कथा सांगू लागला. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात बापाचे शव आणि दुसऱ्यात आईला घालून इथवर आणले. रेणुका सती गेली. परशुराम शोक करू लागला, तेव्हा आकाशवाणी झाली, की आई जमिनीतून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर निघाला नाही, तो वळला. "म्हणून देवीचं फक्त मुखच वर आलं. घाई केली, म्हणून," त्याने पाठातले शेवटचे वाक्य म्हटले.

"घाई नव्हे रे," आई म्हणाली, "आई मागं हाय म्हणल्यावर कोणतं लेकरू पुढं बघंल?"

मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. कथेचा असा अर्थ मला कुठल्या टीकाग्रंथात भेटला नाही. वाटाड्या काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "माझी आई परतीच्या वाटेवरच राहती. आठवड्याला दोनदा गाडी दारावरून जाती. सवारी असती, थांबाय जमत न्हाई." हे वाक्य पाठ केलेले नव्हते. त्यात तो दोनदा अडखळला.

त्यानंतर त्याने घड्याळ पाहिले नाही. देवीसमोर आई पोटभर बसली. दत्तशिखर झाले, अनसूयेचेही दर्शन झाले. किल्ल्याच्या तटावर वारा खात आम्ही हवे तितके रेंगाळलो. मातृतीर्थावरून निघताना उन्हे उतरली होती.

"पांडवलेणी राहिली. तेवढे पैसे कमी द्या," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"पांडव काही कुठं जात न्हाईत," आईने निकाल दिला. "त्या वेळात तुझ्या दारी गाडी थांबव."

तिन्हीसांजेला गाडी एका पत्र्याच्या घरापुढे उभी राहिली. आतून एक वाकलेली बाई कपाळावर हात धरून बाहेर आली. माझ्या आईने पदराच्या गाठीतला रेणुकेचा कुटलेला विडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. दोघी उंबऱ्यातच टेकल्या आणि कुणाचे गुडघे अधिक दुखतात याची चर्चा सुरू झाली.

दिवसभरात पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणाविषयी आमच्या वाटाड्याला काहीतरी सांगायचे होते. इथे मात्र तो खांबाला टेकून नुसता बघत उभा राहिला.