नेसरी ते गोवा, व्हाया मुंबई

नकाशा पुढ्यात घेतला की हसू येतं. आमच्या नेसरीहून आजरा, आंबोली, सावंतवाडी करत गेलं किंवा चंदगडवरनं तिलारी घाट उतरला, तर गोवा तीन-चार तासांवर. पण जहाजातून गोव्याला जायचं म्हणजे आधी साधारण साडेचारशे किलोमीटर उलट्या दिशेनं मुंबई गाठायची, तिथं बॅलार्ड पिअरला जहाजात चढायचं आणि समुद्रातून परत खाली येऊन मुरगाव बंदरात उतरायचं. बेत ऐकून सासरे एवढंच म्हणाले, "मग तिथनंच घरला येऊया की. परत मुंबैला कशाला?" हिशेबाला बरोबर होतं. पण जहाजाची सहल कुठं पोचण्यासाठी नसते. बरोबर लहान पोरं असली की हे पहिल्या तासातच कळतं. धाकट्या जावेच्या चार वर्षांच्या लेकीला गोवा नकोच होता. तिला लिफ्ट हवी होती.

*

लिफ्ट, लांबलचक गालिचाचा बोळ, दारात घातलं की हिरवा दिवा लागणारं कार्ड, आणि भिंतीतून खाली ओढायचा पलंग. समुद्राचा नंबर यानंतर. मोठी माणसं गॅलरीत उभी राहून "बघ बघ, केवढं पाणी!" म्हणत होती आणि पोरगी पाठ करून कार्ड घालत-काढत होती. खिडकीवाल्या खोलीचे पैसे मोठ्यांनी स्वतःसाठी मोजावेत. दीड-दोन वर्षांच्या पोरांना तर आतली, बिनखिडकीची खोलीच मानवते. दिवा घालवला की भर दुपारी मिट्ट काळोख, आणि मूल दोन तास गाढ.

*

सगळ्यांना धास्ती बोट लागण्याची. प्रत्यक्षात उलट्या झाल्या त्या आंबोली घाटात, आदल्या उन्हाळ्यात. पेपरवर बसवलं, आलेपाक चघळायला दिला, लिंबू हुंगवलं, तरी पोरानं नवी कोरी सीट खराब केलीच.

कारण साधं आहे. कानातला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो आपण हलतोय, आणि पुढच्या सीटची पाठ बघणारे डोळे म्हणतात आपण जागेवर आहोत. मेंदूला दोघांचा मेळ बसत नाही. दोन वर्षांखालच्या पोरांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा हे खरं त्रासाचं वय. जहाजावर उघड्या डेकवर नेऊन लांब क्षितिजाकडे बघायला लावलं की बराच फरक पडतो. गोळी डॉक्टरांना विचारूनच. प्रोमेथाझिनची गोळी दोन वर्षांखालच्या मुलाला देतच नाहीत.

मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात. ते बाहेर काढले की आडवं डुलणं कमी होतं. पुढं-मागं होणारं वरखाली मात्र राहतं. सगळ्यात कमी हलते ती मधली, खालच्या मजल्यावरची खोली. सगळ्यात जास्त हलतात त्या वरच्या, टोकाच्या खोल्या. आणि भाडं बहुतेक वरच्या खोल्यांचंच जास्त.

*

मुहूर्ताची अडचण. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. जुन्या कोकण बोटीही पावसाळ्यात बंद राहत, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोळी दर्यात होडी घालत नसे. मुंबईहून निघणारं जहाजही पावसाळ्यात चेन्नईकडे, श्रीलंकेच्या फेऱ्यांना गेलेलं आहे.

राहिल्या शाळेच्या सुट्ट्या: मे महिना आणि दिवाळी. नेमके हेच अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे दोन हंगाम. 2019च्या दिवाळीत 'क्यार' आलं, 2021च्या मेमध्ये 'तौक्ते'. वादळ आलंच तर फेरी रद्द होते किंवा मार्ग बदलतो, म्हणून घाबरण्यापेक्षा तिकिटाच्या अटी वाचणं बरं. समुद्र खरा शांत असतो डिसेंबर ते फेब्रुवारी. पहिलीच्या आतलं पोर असेल तर शाळा चार दिवस बुडाली म्हणून काही बिघडत नाही. बालवाडीच्या पोरांना जहाजावर नेण्यातला हा एकमेव निर्विवाद फायदा.

*

घाटावरच्या माणसाला बोट नवी नाही. रामघाटानं बैलगाड्या वेंगुर्ल्याला उतरत. तिथल्या बंदरात मुंबईच्या आगबोटी लागत. बोट लांब उभी राहायची, माणसं होडीतून जाऊन शिडीनं चढायची, कडेवरची पोरं हातोहात वर दिली जायची. डेकवर वळकटी पसरायची, ट्रंक उशाला, फडक्यात भाकरी. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत बोट चालायची. 'रोहिणी', 'कोकण सेवक' ही नावं कोकणातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून आहेत. तेव्हाही पोरं बोटीवर होतीच की, पण त्यांच्यासाठी म्हणून बोटीवर काही नव्हतं.

नंतर रस्ते झाले, एस.टी. आली, बोटी थांबल्या. 2018च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' मुंबई-गोवा धावू लागली. 2021च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' निघालं. हे जहाज 1990 सालचं, आधी 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावानं परदेशात फिरलेलं. म्हणजे पाळण्यातल्या पोरांना घेऊन आपण जातो ते जहाज त्यांच्या आईच्या वयाचं.

*

आमच्या पोरांना प्रतापराव गुजर पाठ. नेसरीच्या खिंडीत 24 फेब्रुवारी 1674ला सात वीर बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, हे बोलता यायला लागल्यापासून त्यांच्या कानावर आहे. डेकवर सहा वर्षांच्या माझ्या पोरानं विचारलं, "इथनं घोडा नाही येणार, मग महाराजांनी लढाई कशी केली?" किनारा दिसत नव्हता, पण मालवणच्या सिंधुदुर्गाची गोष्ट सांगितली. 1664 साली बांधायला घेतलेला, चहूकडून पाणी असलेला किल्ला. मग कान्होजी आंग्रे. पोरगा गप्प ऐकत होता. पुस्तकातला समुद्र त्याला असा कुणी दाखवला नव्हता. बाकीच्या सहलीचं सोडा, तेवढ्या अर्ध्या तासाचे पैसे वसूल.

*

जहाज निघायच्या आधी एक कवायत असते. भोंगा वाजतो: सात छोटे, एक लांब. सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. पूर्वी ही कवायत निघाल्यावर चोवीस तासांत केली तरी चाले. 13 जानेवारी 2012ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळलं, 32 माणसं गेली. त्यात त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. 2015पासून नियम बदलला: निघण्याआधी किंवा निघताक्षणी.

आपल्याकडची आठवण याहून जवळची आणि मोठी. 17 जुलै 1947, आषाढ अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली.

म्हणून कवायतीच्या वेळी "आम्हाला माहीतंय" म्हणून खोलीत बसू नये. मुलांच्या मापाची वेगळी जॅकेटं जहाजावर ठेवावीच लागतात. आपल्या पोराचं कुठं आहे ते पहिल्या दिवशीच विचारून ठेवावं. काही जहाजांवर मुलांच्या मनगटाला जमण्याच्या जागेचा नंबर असलेली पट्टी बांधतात. आमच्या पोरीनं ती घरी आल्यावरही काढू दिली नाही. आंघोळीला पण नाही.

*

आंघोळीवरून आठवलं. जहाजावर बादली नाही, तांब्या नाही. डोक्यावरून येणारा शॉवर आणि हातभर जागा. दीड वर्षाच्या पोराला त्या धारेखाली धरलं की जहाजभर ऐकू जाईल असं रडतं. नणंदेनं शेवटी कॉफीच्या कपानं आंघोळ घातली. जाताना प्लॅस्टिकचा मग न्यावा. फुंकून फुगवायचा टब मिळाला तर उत्तमच.

*

सासूबाईंनी डबा भरून नाचणीचं सत्त्व घेतलं होतं, शिवाय छोटी विजेची शेगडी. सत्त्वाची पूड चौकशी होऊन आत गेली, शेगडी धक्क्यावरच अडकली. गरम होणारी कुठलीच वस्तू खोलीत चालत नाही: किटली नाही, इस्त्री नाही. समुद्रात आगीची भीती पाण्यापेक्षा मोठी. घरी शिजवलेलं बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातलं बाळाचं खाणं चालतं.

वर जेवणाच्या हॉलात चाळीस पदार्थ मांडलेले, आणि पोरं खाणार वरण-भात. मागितला की मिळतो, मऊ शिजवूनही देतात. गरम पाणीही तिथूनच आणायचं. सासूबाई थर्मास घेऊन रोज सकाळी जायच्या. पांढऱ्या टोपीतला आचारी त्यांना "मावशी" म्हणू लागला होता.

*

पोहण्याचा तलाव. लंगोट बांधणाऱ्या पोरांना मोठ्या जहाजांवर मुख्य तलावात सोडत नाहीत, पाण्यात चालणारं डायपर असलं तरी. लहानांसाठी वेगळी कारंजी असली तर नशीब. मुलांच्या खेळघराचंही तसंच: साधारण तीन वर्षांपुढचं आणि शी-शू सांगणारं पोर एकटं ठेवून घेतात, त्याखालच्याबरोबर आई-बापानं बसायचं. बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला चढूच देत नाहीत. महासागर ओलांडायचा असेल तर वर्षाची अट. "मूल फुकट" अशी जाहिरात दिसली तरी बंदराचं शुल्क आणि कर मोजावा लागतो. ओळखपत्र दुधपित्यालाही लागतं, तेव्हा निळं बाल आधार आधी काढून ठेवावं.

हात मात्र साबणानंच धुवावेत. दारोदारी लावलेला सॅनिटायझर जहाजावरच्या कुप्रसिद्ध जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसला पुरा पडत नाही.

*

किनारा सुटून थोडा वेळ झाला की मोबाइलची रेंज जाते आणि चालू कार्टून मध्येच थांबतं. पहिला तास आकांत. मग पोरं पत्त्यांकडे वळतात, आजोबांकडे वळतात. सासऱ्यांनी गाढवाचा डाव शिकवला. वायफाय विकत मिळतं. घेऊ नये.

*

रात्री झोपताना पुतणीचा प्रश्न: "आज्जी, समुद्र बंद कधी करतात?"

*

ज्यांना एकदम एवढी उडी नको, त्यांच्यासाठी पणजी आहे. संध्याकाळी सांता मोनिका जेटीवरून मांडवीत तासाभराची बोट निघते. एका काठाला जुनं सचिवालय, पलीकडं रेइश मागुशचा किल्ला. वर गच्चीवर स्टेज. माइकवाला आधी मुलांना नाचायला बोलावतो, मग जोडप्यांना. मधूनच देखणी, फुगडी. आपल्याकडून गोव्याला गेलेलं एकही कुटुंब ही बोट चुकवत नाही. चार वर्षांखालच्या पोराला जहाजात जे मिळतं त्यातलं बरंचसं या तासात मिळतं: शिडी, भोंगा, गर्दी, गाणी, पाण्यावरचे दिवे. आणि रडायला लागलं तर तासाभरात जमीन. मोठ्या जहाजाची हीच गोम आहे. घाटात "गाडी थांबवा" म्हणता येतं, तिथं नाही.

*

परत आल्यावर गल्लीत जो तो विचारतो, "एवढ्याशा पोरांना काय आठवणार?" खरंय. तीन वर्षांच्या आतलं माणसाला मोठेपणी जवळजवळ काहीच आठवत नाही. पण जत्रेला कडेवर नेतो तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मला आठवतंय ते वेगळंच. आमचं घर आता मुंबई, पुणे, बेळगाव असं पांगलेलं. गणपतीला सगळे नेसरीत जमतात, पण तेव्हा आम्ही जावा पहाटेपासून चुलीपुढं, नणंद माहेरपणाला येऊन भाकऱ्या थापत, आणि पोरं "जरा बाहेर न्या रे यांना" म्हणून हाकललेली. जहाजावर पहिल्यांदा घरातल्या सगळ्या बाया एकाच वेळी रिकाम्या हातानं बसलेल्या बघितल्या. कुणी उठत नव्हतं, कुणाला हाक येत नव्हती. पोरांनाही त्या वयात पाहिजे असतं ते हेच: आई हाताशी, आणि ती कामात नाही.

तेव्हा या सहलीचा खर्च पोरांच्या नावावर टाकू नये. पोरांचं काय, घटप्रभेच्या बंधाऱ्यावर नेऊन दोन कागदी होड्या सोडल्या तरी त्यांचा दिवस साजरा होतो. जहाज काढायचं तर घरातल्या बायकांसाठी काढावं. पोरं बरोबर येतीलच.