न झाडलेल्या बंदुका

अर्धस्वयंचलित बंदूक दुरुस्तीला येते तेव्हा मालक बहुतेकदा एकच शब्द बोलतो, "अडकते." कुठे अडकते हे त्याला सांगता येत नाही, आणि मला तर नेमकं तेच हवं असतं. बार उडाल्यापासून पुढचं काडतूस नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये, बसेपर्यंत डोळ्याला काहीच दिसत नाही. तेवढ्यात बोल्टचं कुलूप उघडतं, एक्स्ट्रॅक्टर रिकामा खोका ओढतो, तो खिडकीतून बाहेर फेकला जातो, घोडा चढतो, खालून दुसरं काडतूस वर उचललं जातं आणि बोल्ट पुढे जाऊन पुन्हा कुलूप लागतं. दुनळीत यातलं बरंचसं माणसाचा हात करतो. इथे ते धक्क्यावर किंवा वायूवर सोपवलेलं असतं. म्हणून मी बंदूक उघडण्याआधी अडकलेला खोका मागतो.

खोका सगळं सांगतो. त्याच्या बुडाच्या कडेवर ताजा ओरखडा असेल, तर एक्स्ट्रॅक्टरने पकड घेतली होती, चेंबरने सोडलं नाही. चेंबर खडबडीत असेल किंवा आत प्लॅस्टिकचा थर बसला असेल. ओरखडाच नसेल तर एक्स्ट्रॅक्टरचा आकडा झिजलाय किंवा त्यामागची स्प्रिंग मेलीय. खोका खिडकीत उभा चिमटला असेल, तर बोल्ट पुरता मागे गेलाच नाही. मग दोष काडतुसात, तेलात किंवा स्प्रिंगमध्ये शोधायचा. आणि खोक्याचं तोंड फाटल्यासारखं लांबलेलं दिसलं की मी चेंबर मोजतो. जुन्या युरोपीय बंदुकांत ६५ मिलिमीटरची चेंबर सापडते. काडतुसाची लांबी तोंड उघडल्यावरची धरतात, त्यामुळे ७० मिलिमीटरचं काडतूस मिटलेलं असताना आत सहज जातं. फुटल्यावर तोंड उघडायला जागा उरत नाही, दाब वाढतो, खोका घट्ट बसतो. अशी बंदूक मी दुरुस्त करत नाही, योग्य काडतूस कोणतं ते लिहून देतो.

परदेशी पुस्तकांत या बंदुकांचे आजार वाचले की ते खूप वापराचे वाटतात. हंगामात शेकडो बार, साचलेली काजळी, झिजलेले भाग. आपल्याकडचा आजार उलटा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपत गेली, आणि ते योग्यच झालं. पण शिकारीसाठी घेतलेल्या बंदुका घरातच राहिल्या. त्या वारसाहक्काने मुलाकडे, नातवाकडे आल्या, परवान्याचं नूतनीकरण होत राहिलं, बार मात्र उडाला नाही. उत्सवात हौसेने कुणी हवेत बार काढायला जावं तर तो गुन्हा. तेव्हा वर्षानुवर्षं कपाटात उभ्या असलेल्या या बंदुका आहेत.

आणि कपाट कुठलं, तर आमच्या भागातलं. मी भाईंदरला राहतो. कामाचं टेबल मुंबईत आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं. खिडकीच्या ग्रीलला दर पावसाळ्यानंतर रंग द्यावा लागतो, तिथे नळीचं काय होत असेल? त्यातही माणसं बंदूक चामड्याच्या कव्हरात घालून ठेवतात. चामडं ओल धरतं. वरून चकचकीत दिसणारी बंदूक काढावी, तर कव्हराची शिवण जिथे टेकते तिथे नळीवर बारीक लाल ठिपक्यांची रांग असते.

खरी वाईट जागा मात्र कुणी पाहत नाही: दस्त्याच्या आतली नळी. ब्राउनिंग ऑटो-५ या अर्धस्वयंचलित बंदुकीत बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग लाकडी दस्त्यात, एका पोकळ नळीत असते. बंदूक उभी ठेवली की वरचं तेल आणि ओल सावकाश खाली उतरते. दस्त्याचा मोठा स्क्रू काढून नळी उपडी करावी, तर तपकिरी चिखल पडतो आणि मागोमाग स्प्रिंग येते, तिची वेटोळी एकमेकांना चिकटलेली. खोबरेल वापरलं असेल तर विचारूच नका. कोकणात ते घरात हाताशी असतं, म्हणून बंदुकीलाही लागतं. थंडीच्या सकाळी ते गोठतं. ऑटो-५ची अर्धी गाऱ्हाणी या नळीत संपतात.

जॉन ब्राउनिंगने ऑटो-५ची रचना १९०० साली पेटंट केली. बेल्जियमच्या एफएन कंपनीने ती बनवायला घेतली आणि जवळजवळ विसावं शतक संपेपर्यंत ती बनत राहिली. हिच्यात नळी आणि बोल्ट एकमेकांना धरून पूर्ण मागे येतात, मग नळी आधी पुढे जाते. पुढच्या लाकडाखाली स्प्रिंगबरोबर पितळी घर्षणाची कडी आणि पोलादी कडी असते. भारी काडतुसाला पोलादी कडी स्प्रिंग आणि पितळी कडीच्या मधे, हलक्या काडतुसाला ती काढून स्प्रिंगच्या मागे. भारी मांडणीत हलकं काडतूस वापरलं तर नळी अर्ध्यातच थांबते. उलट केलं तर बार सुखाने उडतात, पण प्रत्येक धक्का चौकटीवर आणि लाकडावर बसतो आणि पुढचं लाकूड चिरतं. वसईकडचे एक काका आजोबांची ऑटो-५ घेऊन आले, म्हणाले, "बाबांच्या वेळी कधी अडकली नाही हो." बाबांच्या वेळी काडतुसात ३२ ग्रॅमच्या वर छरे असायचे. आता नेमबाजीचं काडतूस २४ ग्रॅमचं. आंतरराष्ट्रीय नियमच तेवढा आहे. कड्या मात्र बाबांनी ठेवल्या होत्या तशाच होत्या.

इतर घराण्यांच्या खोडी वेगळ्या. १९६३ सालची रेमिंग्टन ११०० वायूवर चालते, नळीतला थोडा वायू दोन छिद्रांतून पिस्टनला ढकलतो. तिचा एक रबरी ओ-रिंग तडकला की वायू गळतो आणि ती आळशी होते. हायड्रॉलिक सील विकणाऱ्याकडे व्हायटॉन रबराचा योग्य मापाचा रिंग मिळाला की काम होतं. इटलीची बेनेली जडत्वावर चालते. तिच्यात नळी हलत नाही, मागे सरकणाऱ्या बंदुकीत बोल्ट जागच्या जागी राहू पाहतो आणि आखूड कडक स्प्रिंग दाबली जाते. तिचा बोल्ट हाताने हळूच सोडला तर डोकं पुरतं फिरत नाही, आणि चाप ओढल्यावर नुसता टिक आवाज येतो. बोल्ट मोकळा सोडावा, सोबत चालवू नये. ऑटो-५ला मात्र खांदा घट्ट लागतो. सैल धरली की तिची नळी पुरती मागे येत नाही.

पूर्ण सफाईनंतर मी नकली काडतुसांनी पाच-सहा फेऱ्या हाताने फिरवतो आणि बोटाला काय लागतं ते पाहतो. खरा बार फक्त रेंजवर. निवडणुकीच्या काळात ज्यांची बंदूक जमा होते, त्यांना मी परत मिळाल्याच्या दिवशीच उघडून पुसायला सांगतो. तेल थेंबभर, हलकं, आणि पावसाळ्यात दर महिन्याला. कव्हर काढून, आडवी, कुलूपबंद लोखंडी कपाटात, सोबत सिलिका जेलची पुडी.

एक काम मी करत नाही. हलकं काडतूस चालावं म्हणून स्प्रिंगची दोन वेटोळी कापून द्या, असं लोक म्हणतात. कापली तर त्या दिवशी बंदूक चालते, माणूस खूश होऊन जातो. पण तीच बंदूक पुढे कुणी भारी काडतुसाने झाडली की बोल्ट मागच्या भिंतीवर आदळतो, आणि ऑटो-५ची चौकट इथे दुसरी मिळत नाही. परदेशी बंदुकांची खुली आयात ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. सुटे भाग म्हणजे दुसऱ्या मेलेल्या बंदुकीतून काढलेले भाग. तेव्हा मी कड्यांची जागा बदलून देतो, चेंबर घासून गुळगुळीत करतो, दस्त्यातली नळी धुतो, आणि तरीही २४ ग्रॅम चालत नसेल तर सांगतो, ही बंदूक ३२ ग्रॅमसाठी बनली आहे, तिला तेच द्या.